पाकोळीच्या पाठीवरचं पांढरं

मी या गोष्टीवर अजून चिडलेली आहे, हे आधीच सांगते. लढाई संपली, फोटोच्या प्लेटा पुन्हा बाजारात दिसू लागल्या, ज्यांच्यावर चिडले ते मामंजी आता थकले. तरी राग गेलेला नाही. तो जावा असं मला फारसं वाटतही नाही.

आमचं सांगलीत फोटोचं दुकान. माझे सासरे, म्हणजे मामंजी, पहिल्या लढाईत पलटणीबरोबर परदेशी गेले होते. तिथं फोटो धुवायला शिकले आणि पेन्शनीवर आल्यावर त्यांनी दुकान घातलं. दुसऱ्या लढाईत माझे यजमान पलटणीत गेले. तेव्हापासून कॅमेरा माझ्या हातात आला. मामंजींनी स्वतःकडं टचिंग ठेवलं. टचिंग म्हणजे निगेटिव्हच्या काचेवर टोकदार शिसपेन्सिलीनं आणि बारीक चाकूनं दुरुस्ती करायची. त्यातही देवीचे वण काढण्यात त्यांचं नाव होतं. लग्नाच्या मुलींचे फोटो स्थळाकडं पाठवायचे असले की तासगाव, मिरजेहून लोक आमच्याकडं यायचे. मुलगी वण घेऊन यायची आणि फोटो गुळगुळीत गाल घेऊन जायचा. माझ्याही गालावर वण आहेत. लग्नानंतरच्या पहिल्या फोटोत ते नव्हते. "कुणी सांगितलं होतं काढायला?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "घरची सून हाईस. फुकट केलं."

जवळून फोटो काढायला मी शिकले ती सराफांच्या नथींवर. त्यांना नमुने दाखवायला फोटो हवे असायचे, आणि नथ मोठी दिसली पाहिजे, मोत्याची चमक दिसली पाहिजे, असा त्यांचा हट्ट. त्यासाठी मी एका मोडक्या लहान कॅमेऱ्याचं भिंग काढून आमच्या मोठ्या कॅमेऱ्याच्या पुढच्या फळीवर बसवलं. भिंग लहान आणि मागचा कातडी भाता लांब ओढलेला, की वस्तू असते त्याहून मोठी उमटते. सरळ बसवलेल्या भिंगानं कडा धुरकट येत होत्या. उलटं बसवून पाहिलं, कडा स्वच्छ आल्या. उजेडाचा हिशेब प्लेटा वाया घालवून शिकले. भाता दुप्पट लांब केला तर चौपट वेळ द्यायचा, तिप्पट केला तर नऊपट. हे ज्याला कळत नाही त्याला काळे फोटो मिळतात आणि तो प्लेटांच्या कंपनीला शिव्या देतो.

माझं माहेर इस्लामपूरजवळच्या गावात, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात. दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, तिथं विहिरीवरचा ऊस. एका वर्षी गणपती झाल्यावर मी माहेरी गेले, तर सगळ्या शिवारातला ऊस काळवंडलेला. पाकोळी पडली होती. गवताच्या रंगाची, चोचीसारखं तोंड असलेली ही कीड पानाचा रस शोषते आणि तिच्या अंगातून चिकटा गळतो. त्या चिकट्यावर काजळी धरते. अशा उसाचा गूळ बसत नाही. काहिलीत कितीही आटवा, ढेप धरत नाही, राबडीसारखा पसरतो.

गावानं ठरवलं होतं की येत्या अमावास्येला सगळ्यांनी मिळून पानं ओरबाडायची. अमावास्येला आमच्याकडं बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, त्यामुळं सगळे गडी मोकळे असतात. ज्या पानावर पांढरं दिसेल ते पान तोडायचं आणि बांधावर जाळायचं. पांढरं म्हणजे पाकोळीची अंडी, असा सगळ्यांचा समज.

वहिनी मला म्हणाली, "वन्सं, पांढरं दोन तऱ्हेचं हाय. मी वैरण काढताना बघितलंया. एक कापसावानी पिंजल्यालं, आन दुसरं गव्हाच्या दाण्यावानी, घट. त्या दाण्यातनं पाकोळी न्हाई निघत, काळी बारकी फुलपाखरं निघत्यात."

"दादाला सांगितलंस?"

"सांगितलं. त्येंनी चावडीत सांगितलं. पाटील म्हणालं, बायकांचं डोळं वैरणीवर असाय पायजेत."

दादा ओट्यावर बसून ऐकत होता. तो म्हणाला, "माजाबी निम्माच इस्वास हाय. तुज्याकडं येवढा मोठा क्यामेरा हाय नव्हं? काढ की फोटू. फोटू बघितला की कुणी बोलायचं न्हाई."

मला ते पटलं. कॅमेरा मी बरोबर आणलाच होता, गावातल्या दोन घरांचे फोटो काढायचे होते म्हणून. लढाईमुळं प्लेटा मिळत नव्हत्या. ती दोन घरं मी पुढं ढकलली.

किडा उन्हात धरता येत नाही. ऊन चढलं की पाकोळीची पिल्लं बोट दिसताच उडी मारतात. पहाटे, अंगावर दव असताना, ती गारठून पानाला चिकटून बसतात. म्हणून आम्ही दोघी उजाडतानाच उसात शिरलो. पान तोडायचं नाही, तोडलेलं पान बघता बघता गुंडाळतं. ते उसावरच ठेवून त्याची दोन्ही टोकं शेजारच्या दोन उसांना सुतळीनं बांधायची. पाकोळी पानाच्या खालच्या अंगाला असते, म्हणून पान हलक्या हातानं उलटं करून बांधायचं आणि किडा पुन्हा स्वस्थ होईपर्यंत थांबायचं. वारा नसला तरी ऊस हलतो. वहिनीनं वाऱ्याच्या बाजूला जाड लुगडं धरलं. वरून चिकट्याचे थेंब पडतात, ते भिंगावर पडले तर सगळं फुकट, म्हणून भिंगाला काळ्या कागदाची नळी.

इतक्या जवळून भिंग मागंपुढं करून नजर बसत नाही, म्हणजे चित्र रेखीव होत नाही. आधी भाता किती लांब ठेवायचा ते ठरवायचं आणि मग अख्खा कॅमेराच सुतासुतानं पुढं सरकवायचा. मी तो तिवईवर न ठेवता गुळाच्या ढेपेच्या लाकडी पाटावर ठेवला होता, पाट ओल्या मातीत घट्ट बसतो. किडा जितका जवळ तितका थोडाच भाग रेखीव येतो. डोळा आला तर शेपूट जाते. त्यामुळं किड्याचं अंग मागच्या काचेशी सरळ समांतर हवं, तिरपं चालत नाही. आणि भिंगाचं तोंड होईल तितकं बारीक करायचं.

काळ्या फडक्याखाली डोकं घालून मी मागच्या दुधी काचेवर पाहिलं. चित्र उलटं दिसतं, त्याची मला सवय आहे. पिल्लू पाय वर करून लोंबकळताना दिसलं. त्याच्या पाठीवर पांढरं काहीतरी होतं. आधी वाटलं दुधी काचेलाच चिकटा लागलाय. बोटानं पुसलं, गेलं नाही. हातातलं भिंग काचेला लावून पाहिलं. ती पांढरी पूड माखलेली एक लहान अळी होती. तिनं तोंड पिल्लाच्या पाठीत रोवलं होतं आणि ती हलत होती.

"वहिनी, तुझ्या दाण्यातलं फुलपाखरू कुठून येतं ते कळलं," मी फडक्याखालूनच म्हणाले. "ही अळी पाकोळीला खाती. मोठी झाली की पानावर दाण्यासारखं घर करती. गाव जाळायला निघालंय ते हिचं घर."

"मग लवकर काड की," वहिनी म्हणाली. "माजं हात भरून आलं."

उजेड कमी पडत होता. आरशानं कोवळं ऊन आत वळवलं तर ते फार टोचरं पडलं, पांढऱ्या अळीचा नुसता डाग दिसायला लागला. मग आरशावर पातळ धोतर बांधलं. मऊ उजेडात अळीच्या अंगावरच्या वळ्यासुद्धा दिसू लागल्या. भिंगाची टोपी काढताना कॅमेरा हलतो, म्हणून आधी पुढं काळा पुठ्ठा धरायचा, टोपी काढायची, हादरा थांबू द्यायचा आणि मग पुठ्ठा बाजूला करायचा. तीन प्लेटा खर्च केल्या. दोनदा पिल्लू हललं. तिसऱ्यांदा ते आणि मी दोघंही दगड होऊन बसलो.

सांगलीला येऊन प्लेट धुतली. पाठीवरची अळी लख्ख आली होती, पाकोळीच्या डोळ्याइतकी रेखीव. मी प्लेट वाळत घातली आणि एका बारशाचा फोटो काढायला गावभागात गेले. परत आले तेव्हा मामंजी छापलेला फोटो हातात धरून दारात उभे होते. चेहरा उजळलेला.

"बघ सूनबाई. जनावर काय देखणं निघालंय."

पाहिलं तर पाठ कोरी. पाकोळीचं पिल्लू एकदम नवं, धुतल्यासारखं.

"मामंजी, पाठीवर अळी होती."

"घाण लागली हुती त्येच्या अंगाला. चाकूनं खरवडली, वर पेन्सिल फिरवली. जोड दिसती का बघ कुठं?"

जोड दिसत नव्हती. हात त्यांचा तेवढा साफ होताच. मी प्लेट उजेडाला धरली. अळी होती तिथं काचेवरचा थर खरवडून पातळ केला होता. खरवडलेलं परत येत नाही.

"ती घाण नव्हती. तिच्यासाठीच फोटो काढला होता. मला विचारायचं तरी."

"फोटूत डाग ठिवून दुकानाचं नाव घालवू व्हय? माणूस आसू दे, न्हाईतर किडं आसू दे, माझ्या हातनं साफच जाणार." मग जरा हळू आवाजात, "तुज्या दादाला बी एक धाडलाय दुपारच्या मोटारीनं. खूष हुईल."

मी त्या वेळी भांडत बसले नाही. सुनेनं सासऱ्याला बोलायचं नसतं म्हणून नाही, बोलण्यात वेळ गेला असता म्हणून. अमावास्या दारात आली होती. माझ्याकडं एकच कोरी प्लेट उरली होती. मी ती, धुवायची औषधं, लाल काचेचा कंदील आणि उन्हात छापायचा कागद अशी पेटी भरली आणि दुसऱ्या दिवशी कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीत बसले. चढाला ती मोटार थांबायची आणि आम्ही उतरून ढकलायचो. ढकलताना मी मनात मामंजींना जे जे म्हटलं ते इथं लिहीत नाही.

दुसरा फोटो रागात काढला. त्या रागानं हात उलट जास्त घट्ट झाला. या वेळी मी पिल्लाच्या बाजूचा पानावरचा तो दाणाही चौकटीत घेतला, म्हणजे अळी आणि तिचं घर एकाच फोटोत. त्यासाठी दोन्ही एका पातळीत यायला हवेत. दाणा थोडा मागं होता, म्हणून पानाखाली काडीचा टेकू देऊन तेवढा भाग वर उचलला. एकच प्लेट, तेव्हा सगळं तीनतीनदा पाहिलं. मग पुठ्ठा बाजूला केला.

धुवायला माहेरची गुळाची खोली घेतली, तिला खिडकी नाही. पाणी कोमट असलं की प्लेटेवरचा थर सुटून येतो, म्हणून माठातलंच पाणी वापरलं. प्लेट वाळेपर्यंत मी तिच्यासमोरून उठले नाही. वहिनीनं भाकरी तिथंच आणून दिली. मग छापायच्या चौकटीत कागद घालून अंगणातल्या उन्हात ठेवली. रंग चढला, औषधात पक्का केला. अळी होती, दाणा होता.

चावडीत गेले तेव्हा पाटलांच्या हातात आधीच एक फोटो होता. मामंजींनी धाडलेला. तो गावभर फिरून आला होता.

पाटील म्हणाले, "ये ताई. तुज्या सासऱ्यानं काय नामी फोटू काडलाय. कीड कशी आसती ते आज कळलं."

मी माझा पुढं केला. तो हातोहात फिरला. आमचे एक चुलते, ज्यांचा ऊस दादाच्या बांधाला लागून होता, ते दोन्ही फोटो शेजारी धरून म्हणाले, "ह्यो डागाळलाय. ह्येच्यापरीस त्यो साफ हाय."

"तो डाग न्हाई. पाकोळीला खाणारी अळी हाय. आन हा बाजूचा पांढरा दाणा तिचं घर. तुमी ह्येच जाळाया निघालाय."

"मग ती ह्या साफ फोटूत का न्हाई? दोनी तुमच्याच दुकानातलं," चुलते म्हणाले.

आता खरं सांगणं भाग होतं. मी म्हणाले, "मामंजींनी ती काढून टाकली. त्यांना घाण वाटली."

चावडी हसली. चुलते सगळ्यात मोठ्यानं. "आरं गड्या, सासऱ्याच्या चुका काढाया सूनबाई मोटारीचं भाडं भरून म्हायेरी आलीया." कुणीतरी म्हणालं, "आवं, घरचं भांडण हाय ते. त्यात आपला ऊस कशाला?"

तिथं संपलं. अळी कुणी पाहिलीच नाही. सून आणि सासरा एवढंच पाहिलं. मी बरोबर पानही आणलं होतं, पण उसातून चावडीपर्यंत येताना पिल्लं उड्या मारून गेली होती. राहिला होता नुसता पांढरा दाणा. आणि दाणा म्हणजे अंडी, हे तर त्यांना आधीच ठाऊक होतं.

दादा उठला. तो कमी बोलतो. म्हणाला, "माज्या उसाला कुणी हात लावायचा न्हाई. बाकीच्यांनी काय करायचं ते करा."

पाटील म्हणाले, "बघ बाबा. तुज्या रानातली कीड आमच्यात आली तर गुऱ्हाळाची पाळी तुला शेवटाला."

"शेवटाला तर शेवटाला."

गावाचं गुऱ्हाळ सामाईक होतं. पाळी शेवटाला म्हणजे ऊस रानात वाळत उभा राहणार, उन्हाळा लागणार. घरी येताना मी दादाला म्हणाले, "माझ्यामुळं झालं हे." तो म्हणाला, "तुज्यामुळं कशानं? आळी तर तूच दावलीस."

अमावास्येला शिवारभर धूर होता. दादाच्या उसात आम्ही तिघं होतो. चुलत्यांच्या बांधावर पानांचा ढीग पेटलेला दिसत होता आणि त्या ढिगात पांढरे दाणे शेकड्यानं जळत होते. वहिनी म्हणाली, "वन्सं, चला घरात. बघून काय हुतंय?" मी गेले नाही.

गुऱ्हाळं लागली तेव्हा चुलत्यांचा गूळ बसला नाही. पानं गेल्यानं ऊस आधीच कमजोर झाला होता, आणि पाकोळी होती तशीच राहिली. तो पातळ काळा पाक शेवटी जनावरांच्या आंबोणात गेला. दादाची पाळी खरोखरच शेवटाला आली. वाळलेल्या उसाचा रस कमी निघाला, तोटा झालाच. पण गूळ बसला, पिवळा, कडक. पुढच्या वर्षी पाटील चावडीत म्हणाले, यंदा पानं नका ओरबाडू, घट पांढरं ऱ्हाऊ द्या. ते कुणाकडून ऐकलं, हे ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. मात्र त्या वर्षीचा चुलत्यांचा गूळ कुणी परत आणून देत नाही, माझा राग तिथंच अडकलाय.

इकडं सांगलीत मामंजींनी तो कोऱ्या पाठीचा फोटो मोठा करून घेतला आणि काचेच्या कपाटात, नवरीमुलींच्या फोटोंच्या बरोबर मधे लावला. गिऱ्हाइकं कौतुक करायची. मी सहन केलं. दुकान त्यांचं होतं.

मग एके दिवशी कोरेगावकडचा एक शेतकरी हळदीच्या पेठेत आला होता, तो कपाटासमोर थबकला. आत येऊन मामंजींना म्हणाला, "आवं, हीच कीड आमच्यात पडलीया. ह्येची एक प्रत द्या. गावात दावतो, म्हंजी लोकं हिची पांढरी अंडी दिसतील ती वडून काडतील."

मामंजी खूष होऊन आत वळले. "सूनबाई, ती पाकोळीची प्लेट काढ गं."

मी काढली. पुढं आणली. शेतकऱ्याला माझा दुसरा फोटो दिला, अळीचा, आणि काय जाळायचं नाही ते सगळं दोनदा सांगितलं. त्यानं ते पाटलांपेक्षा शांतपणे ऐकून घेतलं. तो गेल्यावर मी मामंजींच्या समोर ती पहिली प्लेट उंबऱ्यावर आपटली. काच दुकानभर झाली. मग कपाट उघडून मोठा फोटो काढला आणि बंबात घातला.

मामंजी टचिंगच्या टेबलाशी बसले होते. हातात पेन्सिल होती, समोर कुणा मुलीची निगेटिव्ह. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, "काचा उचल. कुणाच्या तरी पायात जातील."

"उचलते," मी म्हणाले.

काचा उचलून झाल्यावर मी कपाटातल्या त्या रिकाम्या जागी डागाचा फोटो लावला. तो अजून तिथं आहे. मामंजींनी त्याला हात लावलेला नाही.